उसवलेली बाही

टेलरकाकूंच्या दुकानातून कपडा घट्ट झाला म्हणून कुणी निराश होऊन परत गेलं नाही. प्रत्येक शिवणीत त्या आत बोटभर कापड सोडायच्या. "माणूस आहे, फुगणारच," असं म्हणून गिऱ्हाईक लाजेपर्यंत हसायच्या.

म्हणूनच पोटुशी लेक गाऊनची बाही दंडाला रुतते म्हणाली, तेव्हा काकूंनी ती उसवून ढिली केली. आठवड्याभरात पुन्हा रुतली, पुन्हा उसवली.

"आई, डोकं ठणकतंय गं. डोळ्यांपुढे काजवे चमकतात. डॉक्टरांकडे जाऊन येऊ या का?"

"तुझ्या वेळी मी तुझ्या बाबांच्या चपला घालून फिरले, इतके पाय सुजले होते. झालीस की धडधाकट! उगाच बाऊ करू नकोस. आण तो गाऊन इकडे."

तिसऱ्यांदा ढिली करायला शिवणीत कापडच उरलं नव्हतं. त्याच दुपारी लेकीला झटके आले.

रक्तदाब बेसुमार वाढला होता. वारेतून बाळाला पुरेसं रक्त पोचतच नव्हतं, वाढ केव्हाच खुंटली होती. दिवस भरायच्या कितीतरी आधी पोट कापून मुलगी बाहेर काढावी लागली. अंगावर सूज दिसली तेव्हाच यायला हवं होतं, एवढंच डॉक्टरीणबाई म्हणाल्या. त्या रागावल्या असत्या तर काकूंना बरं वाटलं असतं.

लेक शुद्धीवर आली, पण तिला उठायची मनाई होती. काचेच्या पेटीतल्या नातीला काकूच बघून यायच्या. मूठभर जीव, श्वासासाठी नुसती धडपड. "डोकं उघडं नको, पण आमच्या टोप्या हिला मोठ्या होतात," सिस्टर म्हणाली. काकूंनी काचेतूनच नजरेनं माप घेतलं आणि घरी जाऊन हातानं टोपी शिवली. एवढं लहान माप त्यांनी आयुष्यात घेतलं नव्हतं.

टोपी घेऊन त्या पोचल्या तेव्हा नात गेली होती. सिस्टरनं तरीही हळुवारपणे ती टोपी तिच्या डोक्यावर घातली.

काकू लेकीच्या खाटेपाशी येऊन बसल्या. लेकीची सूज उतरली होती, ढिली केलेली बाही आता दंडावर लोंबत होती. काकूंना तिकडे बघवेना.

"बसली का गं टोपी?" लेकीनं विचारलं.

"बसली. अगदी बरोबर."

"आत कापड सोडलंस ना? वाढेल ती."

"सोडलंय."

ते खोटं नव्हतं. हाताच्या सवयीनं त्यांनी बोटभर सोडलंच होतं. काकूंनी लेकीचा हात घट्ट धरला, आणि बाळ गेल्याचं लेकीला वेगळं सांगावं लागलं नाही.