वाटेची भाकरी

“घरात बसून वाटंची भाकरी खायाची? आपुन काय परगावाला निगालोत व्हय?”

अव्वांनी विचारलं आणि उत्तराला न थांबता त्या आत गेल्या. जगदेवीचे हात पिठात होते. सासूबाईंचा हा प्रश्न ती दर रविवारी ऐकायची आणि मुकाट्यानं पुढची भाकरी थापायला घ्यायची.

साल बासष्ट असावं. जळकोटच्या दवाखान्यात जगदेवी नर्स, नवरा शिवशरण एसटीत कंडक्टर. तो पहाटेच गाडीवर जायचा, हिला बाळंतिणीचं बोलावणं कधी येईल याचा नेम नाही, दोन पोरी शाळेत, आणि अव्वांना मोतीबिंदूमुळं चुलीपुढं बसवत नव्हतं. मग रोज दोन वेळा भाकऱ्या भाजायच्या कुणी? जगदेवीनं आपली तोड काढली होती. रविवारी अख्ख्या आठवड्याच्या कडक भाकऱ्या. कागदासारख्या पातळ थापायच्या, वर तीळ दाबायचे, तव्यावरून उतरवून निखाऱ्याच्या धगीला उभ्या करायच्या. कुरकुरीत झाल्या की धुतलेल्या धडप्यात गुंडाळून दुरडीत ठेवायच्या. बाजारातली पालेभाजी आधी संपवायची, मग वांगी, भोपळा सगळ्यात शेवटी. शेंगांची आणि कारळाची चटणी बरणीत असायचीच. आमटी तेवढी सकाळी टाकून जायची.

पुढं घरात गॅस आला, सुना आल्या, पण रविवारी घरभर भरून राहणारा तो भाजल्या तिळाचा वास काही परत आला नाही. म्हातारपणी जगदेवीला त्या वासाची फार आठवण यायची.

अव्वांना मात्र तो वास सोसत नव्हता. कडक भाकरी जत्रेला जाताना, गाडीत शिदोरी म्हणून बांधायची. घरच्या माणसाच्या ताटात गरम भाकरी पडली पाहिजे, नाहीतर सून कशाला आणायची? शेवटी त्यांनी माकणीला भावाकडं निरोप धाडला. महांतप्पा म्हणजे शिवशरणचा मामा. त्याचा शब्द घरात कुणी मोडत नसे.

शिवशरणची गत दोन्हीकडून वाजणाऱ्या ढोलकीसारखी झाली होती. “मामा रविवारी येणारेत,” तो बायकोला म्हणाला. “त्येनी सोड म्हणलं तर नोकरी सोडावी लागंल बघ.”

बापाशी भांडून जगदेवी नर्सिंग शिकली होती. बाळ पहिल्यांदा रडलं की सगळ्यात आधी ते आपल्या कानांना ऐकू येतं, याचं तिला अजूनही अप्रूप होतं. हे सगळं भाकरीपायी जायचं?

बुधवारी एका अडलेल्या बाईची सुटका करून ती लुगडं बदलायला भर दुपारी घरी आली. माजघरात खलबत्ता वाजत होता. अव्वा लिंगपूजा करून सगळ्यांच्या मागून एकट्याच जेवायच्या, त्यामुळं त्यांचं जेवण कधी कुणी पाहिलं नव्हतं. त्या खलात भाकरी कुटत होत्या. कुटलेला चुरा मुठीनं तोंडात टाकायच्या आणि वर पाण्याचा घोट घ्यायच्या.

“अव्वा, दात दुखत्यात का?”

अव्वा दचकल्या. मग हळूच म्हणाल्या, “दुखाया हायत कुठं? दाढा हुत्या दोन. संक्रांतीला त्या बी गेल्या.”

“मग सांगायचं न्हाय का मला? म्या मऊ करून ठिवली आसती.”

“काय सांगू? थकले म्हणून सांगू?” अव्वांनी तोंड फिरवलं. “कुणापाशी बोलू नगंस.”

जगदेवीला रडूच आलं. जगभरच्या बायकांची नाडी बघत हिंडणाऱ्या आपल्याला घरातलं माणूस दिसलं नाही! दुसऱ्या दिवसापासून ती पहाटे एक भाकरी दुधात भिजवून झाकून ठेवू लागली. दोघींची अळीमिळी गुपचिळी झाली. महांतप्पाला निरोप मात्र आधीच गेला होता, आणि तो काही परत घेता येत नव्हता.

रविवारी पंगत बसली. महांतप्पानं दुरडीकडं बघितलं, ताटातली भाकरी कडकन मोडली आणि घसा खाकरला. “शिवशरण, माझ्या आक्काला ह्या वयात शिळं खायाची पाळी आली. सुनेनं उद्या राजीनामा द्यावा, हे माझं सांगणं हाय.”

शिवशरणनं मान खाली घातली. जगदेवीच्या हातातली आमटीची पळी थांबली. दातांचं एक वाक्य बोललं असतं तर सगळं सुटलं असतं, पण ती शब्दाला बांधलेली होती.

अव्वा दारातून आत आल्या आणि पाट ओढून भावासमोर बसल्या. आजवर त्या पुरुषांच्या पंगतीला बसल्या नव्हत्या.

“शिळं न्हाय त्ये, कडक हाय,” त्या म्हणाल्या. “म्याच खोटं बोलले. मला चावत न्हाय, म्हणून पोरीच्या भाकरीला नावं ठिवली.” आणि त्यांनी भावापुढं तोंड उघडून दाखवलं. “ल्हानपणी तुला दातानं उसाची कांडी सोलून देत हुते न्हवं? त्या दातांतला एक बी राह्यला न्हाय बघ. तिची नोकरी तिला करू दे.”

महांतप्पानं जगदेवीला बहिणीचं ताट वाढायला सांगितलं, त्यात आमटी ओतून घेतली, आणि एक कडक भाकरी हातात धरून तिचे बारीक बारीक तुकडे त्यात मोडू लागला.