रविवारचा द्राक्षरस

मेथडिस्ट मंडळीत प्रभुभोजनाला, म्हणजे भाकर-प्याल्याच्या विधीला, दारू चालत नाही, द्राक्षांचा साधा रस लागतो. तो रस बाइंडरांच्या घरून यायचा. बाइंडर म्हणजे पुस्तकं बांधणारे, मोठे भाविक गृहस्थ. चर्चमधली फाटकी गीतांची पुस्तकं तेच शिवायचे आणि महिन्याच्या पहिल्या रविवारी चिमुकल्या प्याल्यांचा ट्रेही तेच फिरवायचे. रस मात्र बायको करायची. सरसाच्या वासात उभा जन्म गेल्यामुळे बाइंडरांच्या नाकाने केव्हाच राजीनामा दिला होता.

या खेपेला बायको लेकीच्या बाळंतपणाला गेली होती. फोनवर म्हणाली, "अहो, रस मास्तरीणबाईंना करायला सांगा. तुम्हाला साधा चहा जमत नाही."

"एवढी वर्षं बघतोय की मी."

"बघताय कुठे? पेपर वाचत बसलेले असता."

पण बाइंडरांना हा रस स्वतःच्या हाताने करायचा होता. कारण मुलगा. दारूपायी त्याची नोकरी गेली, बायको माहेरी निघून गेली. आता त्याने दारू सोडली होती आणि हिवाळाभर बापाच्या दुकानात खाली मान घालून पुठ्ठे कापत होता. चर्चला यायचा, पण शेवटच्या बाकावर बसायचा. सगळे प्रभुभोजनाला पुढे निघाले की हा जागचा हलायचा नाही. "मी त्या लायकीचा नाही, बाबा," एवढंच म्हणायचा. त्या सोमवारी मात्र खळ ढवळता ढवळता म्हणाला, "या रविवारी पुढे येईन म्हणतो."

"ये की," बाइंडर म्हणाले आणि हातातलं कव्हर उलटं चिकटवून बसले.

त्यांना कुठला धीर निघतोय? त्याच संध्याकाळी त्यांनी द्राक्षं आणली. बायको रस शनिवारी करायची, खळखळून उकळायची. उकळल्याने चव मरते असं ठरवून यांनी तो नुसता कोमट केला. फ्रिजमध्ये ठेवावा तर म्हाताऱ्यांचे दात शिवशिवतात. म्हणून बाटल्या गच्च बंद करून, बांधलेली पुस्तकं सुकवायच्या उबदार कपाटात ठेवून दिल्या. रविवारी बूच काढताना फस्स झालं. फार गच्च भरलाय, असं त्यांना वाटलं.

चर्चचे पाळकसाहेब भाकर देत पुढे, मागून ट्रे घेऊन बाइंडर. वेदीपुढच्या कठड्याशी माणसं गुडघे टेकून ओळीने बसलेली. मुलगा ओळीच्या अगदी टोकाला होता. धुतलेला शर्ट, ओंजळ पुढे. बाइंडरांचा ऊर भरून आला.

आधीच्यांनी आपापला घोट डोळे मिटून गिळला. मुलाच्या अलीकडेच मास्तरीणबाई होत्या. त्यांनी प्याला तोंडाला लावला, भुवया वर गेल्या. त्या कुजबुजल्या, "आंबलाय हो. चांगलीच दारू झालीय."

पुढचं पाऊल मुलासमोरच पडणार होतं.

द्यावा, तर त्या एका घोटाने पोराची सगळी तपश्चर्या पाण्यात जाईल. न द्यावा, तर भरल्या चर्चमध्ये, भाकर दिलेल्या माणसाला प्याल्यावाचून ओलांडून जायचं. थांबून पाळकसाहेबांना सांगावं, तर त्यांची पाठ वळलेली आणि भर प्रार्थनेत हाक कशी मारायची? मुलाने हात पुढे केला. बाइंडरांनी ट्रे मागे घेतला.

"तू नको घेऊस," ते पुटपुटले.

मुलाने वर पाहिलं. त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता; आपल्याला हे माहीतच होतं, असं काहीतरी होतं. तो उठला आणि मधल्या वाटेने सगळ्यांच्या देखत दाराबाहेर गेला. बाइंडरांना मागे धावायचं होतं. पण हातात ट्रे, आणि कठड्याशी पुढची ओळ येऊन बसलेली. आता कुठे त्यांना सुचलं. त्यांनी पाळकसाहेबांच्या कानाला लागून सांगितलं. पाळकसाहेबांनी ट्रे झाकायला लावला, मंडळींना दोन शब्द सांगितले, गीत सुरू केलं. ऐकायला मुलगा तिथे नव्हता.

घरी आले तेव्हा तो खाटेवर बसून बूट काढत होता.

"रस आंबला होता रे," बाइंडर दारातूनच म्हणाले. "माझी चूक. मी उकळला नाही. मास्तरीणबाईंना विचार हवं तर."

"कशाला विचारू? खरंच आंबला असेल."

"मग?"

"मास्तरीणबाईंनी सांगितल्यावर सगळ्यांनाच का नाही थांबवलंत?"

"सुचलं नाही. तू गेल्यावर सुचलं."

"मला थांबवायचं तेवढं सुचलं."

"अरे, तू प्यायला असतास तर..."

"तर काय, बाबा?"

बाइंडर दारातच वाकून चपला काढू लागले.

"मी वास घेतला असता," तो म्हणाला. "मला कळलं असतं. मीच परत ठेवला असता. तेवढं तरी माझ्याकडे ठेवायचं होतंत."

अर्धवट काढलेला बूट त्याने पुन्हा चढवला, नाडी बांधली.

"जरा जाऊन येतो."

हिवाळाभर हे शब्द ऐकले की बाइंडर लगेच विचारायचे, कुठे, कोणाबरोबर, परत कधी. आजही ते ओठांपर्यंत आलं. पण आता कोणत्या तोंडाने विचारणार? ते दारातून बाजूला झाले, आणि मुलगा त्यांच्या बाजूने जिना उतरून गेला.