चौथी पायरी

मिस्त्री दुपारी घरी परतला तेव्हा त्याची थोरली लेक खालचं वर्कशॉप झाडत होती, आणि तिथेच त्याच्या आनंदाला पहिली टाचणी लागली.

तोवर काय विचारता! स्वारी हवेत होती. दातांच्या डॉक्टरीणबाईंकडे त्यांच्या जुळ्या पोरींसाठी उंच पलंग बसवून झाला होता. त्यावर चढायची पाच पायऱ्यांची शिडी लागली होती, आणि ती शिडी पहिल्या रेघेपासून शेवटच्या पॉलिशपर्यंत थोरलीने एकटीने केली होती. वय वर्षं सोळा! मिस्त्री चार दिवस दुसरीकडे दारं बसवण्यात अडकला होता, म्हणून तिने नुसतं "मी करू?" विचारलं आणि करून मोकळी झाली. सकाळी शिडी खांद्यावर टाकून तो निघाला तो वाटेत भेटेल त्याला सांगत सुटला, "पोरीने केलीय." कुलूपवाल्याला सांगितलं, इस्त्रीवालीला सांगितलं. एका अनोळखी माणसाने बिचाऱ्याने फक्त पत्ता विचारला होता, त्यालाही सांगितलं.

आणि आता ही झाडतेय.

झाडण्यात वाईट ते काय, असं कुणालाही वाटेल. पण या घरात झाडू ही साधी वस्तू नव्हती. मिस्त्रीच्या हातून काही बिघडलं की मिस्त्री झाडायचा. बोलायचा नाही, कबूल करायचा नाही, कुणाच्या नजरेला नजर द्यायचा नाही. झाडू उचलायचा आणि कोपरान्‌कोपरा असा लख्ख करायचा की जणू आता पाहुणे येणार आहेत. त्याची बायको जिन्यातूनच खराट्याचा आवाज ऐकून विचारायची, "काय मोडलंत?" एकदा गिऱ्हाइकाची अख्खी काच फुटली होती, तेव्हा तर त्याने दारासमोरचा रस्ताही झाडून काढला होता.

थोरलीने मात्र आजवर आपणहून झाडूला हात लावल्याचं कुणाच्या ऐकिवात नव्हतं.

"अगं, राहू दे. मी काढतो नंतर," मिस्त्री म्हणाला.

"होतच आलंय, बाबा. टेबलाखालचं तेवढं राहिलंय."

"टेबलाखाली?" त्याने वाकून पाहिलं. त्या टेबलाखाली त्याच्या लग्नाआधीचा भुसा होता.

इतक्यात जिन्यावरून धाकटी ओरडली. हिचं वय अकरा, आणि आवाज असा की घरात तिला भोंगाच म्हणत. "ताई झाडतेय? ताई, काय मोडलंस गं?"

"तू गप बस."

"आईऽऽ! ताई झाडतेय!"

मिस्त्री हसला. पण ते हसू ओठांवरच राहिलं, आत काही उतरलं नाही.

जेवताना त्याचं लक्ष लागेना. औषधांच्या दुकानातल्या नोकरीवरून बायको जेवायला घरी आली होती, आणि रोजचंच वाक्य रोजच्याच सुरात म्हणत होती, "चार खुर्च्या केल्यात स्वतःच्या हाताने. बसते एकटी मी." खरंच होतं. मिस्त्री ताट हातात धरून खिडकीशी उभा. थोरली ताट घेऊन दाराशी उभी. भोंगा तर घास घेऊन या खोलीतून त्या खोलीत फेऱ्या मारत जेवत होती. तिघांच्याही डाव्या कानावर पेन्सिल. भोंगाला पेन्सिलीचं काय काम, देव जाणे, पण कान रिकामा राहिला तर तिला उघडंबोडकं वाटे.

एरवी हे सगळं बघून मिस्त्रीची छाती फुगायची. पोरी गुणगुणायच्या त्याच्यासारख्या, चिडल्या की उजवी भुवई उडायची त्याच्यासारखी. "माझ्याच आहेत," तो जगाला सांगायचा. आज मात्र तो थोरलीकडे बघत होता आणि एकेक गोष्ट मनात मोजत होता. मान खाली आहे. घास मोठे घेतेय, म्हणजे बोलायला लागू नये. आईने "डॉक्टरीणबाई काय म्हणाल्या शिडी बघून?" विचारलं, तर हिने मानेमागे खाजवलं.

मानेमागे! ते कोण खाजवतं, हे त्याला आरशाशिवायही माहीत होतं.

"अहो, बसा तरी घटकाभर," बायको म्हणाली. "पायाला भिंगरी लागलीय का?"

"आलोच," असं म्हणून तो ताट ठेवून खाली गेला.

खाली पुरावा म्हणून काही उरलंच नव्हतं. पोरीने जमीन चाटूनपुसून साफ केली होती. मग त्याने केराचा डबाच उपडा केला आणि गुडघ्यांवर बसला. शिडीच्या पायऱ्यांसाठी त्याने पाच दांडे सारख्या मापाचे आणून ठेवले होते. पायरी कापली की प्रत्येक दांड्याचा एक तुकडा उरणार, आणि पायऱ्या सारख्या तर तुकडेही सारखे. तुकडे सापडले. त्यांच्यावर पेन्सिलीने आकडे घातलेले होते, कारण उरलेल्या तुकड्यावर आकडा घालायची सवय त्याची, म्हणजे तिचीही. एक, दोन, तीन, पाच. चारही जण अंगठ्याएवढे.

चार नंबरचा तुकडा मात्र दोन बोटं जास्त लांब होता.

तुकडा लांब, म्हणजे पायरी आखूड. दोन बोटं म्हणजे किती, हे त्याला मोजावं लागलं नाही. पायरीची दोन्ही टोकं बाजूच्या दांड्यांतल्या खाचांत दोन-दोन बोटं आत शिरतात, त्यावरच तर सगळा भार असतो. पोरगी एका टोकाचं माप धरायला विसरली होती. चौथी पायरी एका बाजूने जवळजवळ अधांतरी होती.

मग ती खाचेत बसली कशी? सकाळी त्याने स्वतःच्या डोळ्यांनी बघितली होती, हात फिरवला होता, काही म्हणजे काही जाणवलं नव्हतं!

कचऱ्यात कान तुटलेला एक कप होता. तळाशी घट्ट झालेला तपकिरी लगदा. त्याने नखाने खरवडून वास घेतला. भुसा, सरस आणि दोन थेंब काळा चहा. रंग लाकडाशी जुळावा म्हणून चहा घालायची युक्ती सबंध धंद्यात एकट्या त्याची होती. मागच्या वर्षी मास्तरांचं पुस्तकांचं कपाट करताना एक फळी अशीच आखूड पडली, तेव्हा त्याने ती फट याच लगद्याने बुजवली होती. बॅटरी कुणी धरली होती? थोरलीने. आणि डोळा मारून "हे आपल्या दोघांत बरं का" कोण म्हणालं होतं?

खोटं कशाला सांगू, मिस्त्रीला पहिल्यांदा कौतुकच वाटलं. काय बुजवलंय! माझ्याही नजरेतून सुटलं! आणि दुसऱ्याच क्षणी त्या शिडीवर चढणार कोण, ते आठवलं. जुळ्या साडेचार वर्षांच्या होत्या. चार वाजता शाळेतून यायच्या. आणि आता घड्याळात साडेतीन होत होते.

त्याने दवाखान्यात फोन लावला. मदतनीसाने उचलला.

"डॉक्टर आत आहेत, दाढ काढताहेत. काही निरोप?"

सांगायचं होतं एकच वाक्य. पोरींना शिडीवर चढू देऊ नका. लहान पोरानेही पाठ करून धडाधड म्हणावं असं वाक्य. मिस्त्रीने घसा खाकरला, मानेमागे खाजवलं.

"नाही, नाही. सहज केला होता."

"सहज?"

"हो. म्हणजे... दात बरे आहेत आता."

फोन ठेवला, आणि काही कळायच्या आत त्याने कोपऱ्यातला झाडू उचललेला होता. सगळं लख्ख झालेल्या जमिनीवर तो दोन वेळा फिरवलाही. मग तो हातातल्या झाडूकडे असा बघत राहिला जणू कुणीतरी तो त्याला चिकटवला होता.

"थोरलेऽऽ!" त्याने हाक मारली. भोंगाचा आवाज कुठून आला, हे त्या दिवशी शेजाऱ्यांनाही कळलं असेल.

थोरली खाली आली. उपडा डबा बघितला, कप बघितला.

"चौथी ना?" मिस्त्री म्हणाला.

"हो."

"किती शिरलीय आत?"

"नखाएवढी."

"मग मला सांगायचं ना, बाई!"

"कधी सांगणार? दुसरी करायला लाकूड नव्हतं. तुम्ही सकाळची वेळ देऊन बसला होतात. आणि सांगत काय सुटला होतात सगळ्यांना! पत्ता विचारणाऱ्यालासुद्धा!" तिची उजवी भुवई उडाली. "आणि तुम्ही तरी सांगता का कधी? मास्तरांचं कपाट उभं आहे ना अजून?"

"त्यात पुस्तकं आहेत. पुस्तकं चढत नाहीत गं."

तिच्या चेहऱ्यावरचा रंग भराभर उतरत गेला. हे तिला आत्ता पहिल्यांदा दिसलं होतं. काल तिला फक्त फट दिसली होती.

दोघं निघाली. निघाली म्हणजे सुटली. भर उन्हात, एकाच्या हातात हातोडी आणि एकीच्या पायात दोन वेगवेगळ्या चपला. इस्त्रीवालीने "काय हो, पोरीची शिडी कशी झाली?" असं कौतुकाने विचारलं, तर दोघांनी एकदम मानेमागे खाजवलं आणि पुढे पळाली.

डॉक्टरीणबाईंचा दवाखाना खाली आणि घर वर. दार जुळ्यांच्या आजीने उघडलं. "बरं झालं आलात! आज लवकर सुटली शाळा, तेव्हापासून धिंगाणा चाललाय."

आतल्या खोलीत एक जुळी पलंगावर पोचून टाळ्या पिटत होती. दुसरी तिसऱ्या पायरीवर उभी होती आणि तिचा एक पाय चौथीकडे निघाला होता.

मिस्त्रीने तीन ढांगांत खोली ओलांडली आणि पोरीला कमरेत धरून उचललं.

"सोडा! माझा नंबर आहे!" पोरगी किंचाळली. "ती दोनदा गेली, मी एकदाच!"

दोनदा. मिस्त्रीच्या कानांत ते दोनदा घणासारखं वाजलं. त्याने वरचीलाही हात वर करून उतरवून घेतलं आणि दोघींना आजीच्या हवाली केलं. तेवढ्यात आरडाओरडा ऐकून डॉक्टरीणबाई वर आल्या, हनुवटीवर मास्क, हातात मोजे.

"काय झालं? काही राहिलंय का?"

मिस्त्रीने तोंड उघडलं. पण त्याच्या आधी थोरली बोलली. आधी तिने घसा खाकरला.

"काही नाही हो, जरासं पॉलिश राहिलं होतं. शिडी नेतो आणि उद्या आणून देतो."

काय सफाई! तोच सूर, तेच 'जरासं', मध्ये तेवढाच श्वास. मिस्त्रीने हे वाक्य आयुष्यात शंभरदा म्हटलं होतं, पण ऐकलं कधीच नव्हतं. बाहेरून ते असं ऐकू येतं होय! इतकं गोड, इतकं सहज, की समोरच्याने आभार मानावेत. डॉक्टरीणबाई हसल्याही, आणि म्हणणार होत्या की अहो एवढ्यासाठी कशाला धावत आलात.

"पॉलिश नाही," मिस्त्री म्हणाला. "पायरी आखूड आहे."

थोरलीने वळून त्याच्याकडे बघितलं, आणि त्या नजरेने तो जळालाच असता. पण आता तो थांबला नाही. त्याने चौथ्या पायरीला खालून हातोडीचा एकच ठोका दिला. डावं टोक खाचेतून बाहेर पडलं आणि भुशाचा लगदा जमिनीवर सांडला.

जुळ्यासुद्धा धिंगाणा विसरून बघत राहिल्या, आणि हे त्या घरात फारच क्वचित घडत असावं.

"तुला माहीत होतं?" डॉक्टरीणबाईंनी थोरलीला विचारलं.

"हो."

"कधीपासून?"

"कालपासून." मग तिनेच पुढे म्हटलं, "मला वाटलं, टिकेल. माझी चूक झाली. माप मी विसरले आणि बुजवलंही मीच."

"आणि तुम्हाला, मिस्त्री?"

"मला आत्ताच कळलं. अर्धा तास..."

"अर्ध्या तासापूर्वी तुमचा फोन आला होता म्हणे. सहज."

मिस्त्रीला वाटलं, जमीन दुभंगावी. "हो," तो म्हणाला. "तेव्हा माहीत होतं."

बाईंनी मोजे काढले, एकात एक गुंडाळले. त्या ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. "शिडी घेऊन जा. नवी आणाल ती न रंगवता आणा. सगळ्या पायऱ्या माझ्यासमोर बसवायच्या. आणि आधी तुम्ही चढायचं, मग ही चढेल. माझ्या पोरी सगळ्यात शेवटी."

शिडी घेऊन दोघं रस्त्याला लागली. पुढे मिस्त्री, मागे थोरली, मध्ये चार पायऱ्या आणि एक लोंबती. बराच वेळ थोरलीचा राग शिडीतून त्याच्या खांद्यापर्यंत पोचत होता.

"मी सांगणारच होते," ती शेवटी म्हणाली.

"नव्हतीस."

"कशावरून?"

"मला माहीत आहे कशावरून."

पुढच्या वळणावर शिडी भिंतीला अडकली. "डावीकडे घे," तो म्हणाला. "तुम्हीच डावीकडे घ्या," ती म्हणाली. दोघांनी एकदम घेतलं, शिडी पुन्हा अडकली. सुटल्यावर ती म्हणाली, "बाबा, किती ठिकाणी आहे?"

"काय?"

"तो चहा घातलेला भुसा."

मिस्त्री सवयीने घसा खाकरणार होता, पण थांबला. मनातल्या मनात तो घराघरांतून फिरू लागला. खिडक्या, माळे, मास्तरांचं कपाट.

"सात," तो म्हणाला. दहा पावलांनंतर म्हणाला, "नाही. आठ."

"आठवं कुठलं?"

"शिंप्याचं उंच स्टूल. वरच्या फळीवरची कापडाची थानं काढायला तो त्यावर उभा राहतो."

"रोज?"

मिस्त्रीची पावलं एकदम झपाझप पडू लागली, आणि घराकडचं वळण मागे टाकून तो शिंप्याच्या गल्लीत शिरला. शिडी दोघांच्या खांद्यांवर एकच असल्यामुळे थोरलीलाही मागून धावावंच लागलं.