विस्तवाविना कॉफीचा केक

शीतळा सप्तमीला लीलाबाईंच्या घरी विस्तव पेटत नसे. आदल्या रात्रीच चूल सारवायची, हळदकुंकू वाहायचं, तिच्यात दूर्वा ठेवायच्या आणि हात जोडायचे. दुसऱ्या दिवशी सगळं गार आणि शिळं. दशम्या, दहीभात, फडक्यात टांगून ठेवलेल्या दह्याचा चक्का. हंबीररावांना विडीची तलफ आली तरी ते मुकाट्याने गल्लीच्या तोंडाशी जात. लेक विजयमाला लहानपणी देवीच्या आजारातून उठली, तेव्हापासूनचं हे व्रत. रोजच्या जपात कधी खंड पडला तर लीलाबाई दुसऱ्या दिवशी जास्तीची माळ ओढून तो भरून काढत. हे मात्र भरून काढण्यातलं नव्हतं.

चौऱ्याहत्तर साली नेमक्या सप्तमीच्या सकाळी फलटणकडे जाणाऱ्या एसटीच्या कंडक्टरने फाट्यावर हंबीररावांना निरोप दिला. सांगलीजवळच्या माधवनगरचे सुभेदार जोतीराम आणि त्यांची मंडळी साताऱ्याला उतरली आहेत. दुपारच्या गाडीने मुलगी बघायला येतात, संध्याकाळच्या गाडीने परत.

"आणि केक तयार ठेवा म्हनलेत," कंडक्टर म्हणाला. "पर डाक्टरनं सुभेदारांचं अंडं-लोणी बंद केलंय म्हनं. तवा हलका करा."

हंबीरराव पलटणीत लांगरी, म्हणजे स्वयंपाकी होते. अफसरांच्या मेसमध्ये नाताळाला त्यांचा कॉफीचा केक व्हायचा. अंडी फेसून भट्टीत फुगवलेला, मधोमध कापून कॉफी आणि लोण्याचा थर भरलेला. जोतीराम सुभेदारांनी तो एकदा खाल्ला आणि पुढे जिथे गाठ पडेल तिथे त्याची आठवण काढली. यंदाच्या वैशाखात सांगलीच्या एका लग्नात तीच आठवण काढता काढता सोयरिकीचा विषय निघाला. त्यांचा मुलगा माधवनगरच्या गिरणीत होता. सुभेदारांच्या मंडळींनी, बयाबाईंनी, विजयमालाच्या कपाळाच्या कडेचे वण दुरूनच बघितले आणि विचारलं, हे कशाचे? हंबीरराव म्हणाले, कांजण्यांचे.

घरी येऊन त्यांनी हे बायकोला सांगितलं, तेव्हा लीलाबाई माळ ओढत राहिल्या. हो म्हणाल्या नाहीत, नाहीही म्हणाल्या नाहीत.

आता हंबीरराव दारात उभे राहून घाम पुसत होते.

"परड्यात पत्र्याचा डबा ठिवतो. वाळू घालतो, खाली निखारं. तुझ्या चुलीला हातबी लावत न्हाई."

"विस्तव त्यो विस्तव. परड्यात काय आन् चुलीत काय."

"अगं, च्या तरी?"

"च्याबी न्हाई."

"सोयरं दारात आल्यावर च्या न्हाई? का म्हनून इचारलं तर काय सांगायचं?"

लीलाबाईंना तोच घोर लागला होता. व्रत कशाचं, हे कुणी विचारलं तर व्रताच्या दिवशी त्यांच्या तोंडून खोटं निघणार नव्हतं. आणि खरं सांगितलं तर हंबीररावांची कांजणी उघडी पडणार होती. मुलगी एकोणीस ओलांडून चालली होती. याआधी दोन ठिकाणांहून नकार आला होता, दोन्ही वेळा वणांवरूनच.

"केकाचं बघू," त्या म्हणाल्या. "आपसूक इचारलं तर सांगंन. न्हाई इचारलं तर मी हून बोलनार न्हाई."

हंबीररावांनी कपाळाला हात लावला.

मायलेकी कामाला लागल्या. फडक्यातला चक्का होताच. विजयमालाने तो पुरणयंत्रातून काढला. लोणी नको तर चक्का, इतकं तिला कळत होतं. भट्टीच्या केकाऐवजी दुकानातून कडक टोस्ट आणले. हंबीररावांनी ट्रंकेतून कँटीनची कॉफीची डबी काढून दिली आणि स्वतः पाटावर बसून हुकूम सोडायला लागले.

"गार पान्यात ती कॉफी इरघळनार न्हाई."

"चोळली की इरघळती," विजयमाला म्हणाली, आणि वाटीत बोटाने चोळत राहिली.

"टोस्ट बुडवू नगं. दावायचं आन् काढायचं. न्हाईतर लापशी हुईल."

"दावूनच काढतीया, आबा."

कल्हईच्या पितळी परातीत भिजल्या टोस्टचा थर, त्यावर पिठीसाखर आणि कॉफी घातलेल्या चक्क्याचा थर, पुन्हा टोस्ट, पुन्हा चक्का. हंबीररावांनी बोट लावून चाखलं. मग आणखी एक बोट चाटलं.

"मेसचं न्हाई ह्ये," म्हणाले. "पर लागतंय."

एवढ्यात त्यांना दिसलं की लीलाबाई सहाणेवर जायफळ उगाळतायत आणि ते बोटाने वरच्या थरात मिसळतायत.

"आगं आगं, जायफळ कशाला?"

"कॉफीत जायफळ नगं?" लीलाबाई खरोखरच चकित झाल्या. जायफळाशिवाय कॉफी त्यांनी जन्मात केली नव्हती. "मी चांगलं अख्ख्यातलं निम्मं उगाळलंय."

"निम्मं? आवघी पलटन झोपंल की."

काढून टाकण्यासारखं ते राहिलं नव्हतं. परात पाण्याच्या टोपावर ठेवून वर ओलं फडकं टाकलं, आणि पाहुण्यांची वाट बघितली.

पाहुणे वेळेवर आले. सुभेदार अंगाने उतरले होते, मिशा मात्र तशाच. बयाबाई बारीक, काटक, डोळे सगळीकडे फिरणारे. गुळपाणी झालं. विजयमाला केकाच्या बशा घेऊन आली. सुभेदारांनी पहिला घास घेतला, दुसरा घेतला, मग म्हणाले,

"हंबीरराव, ह्यो केक न्हाई."

"न्हाई, साहेब."

"श्रीखंडबी न्हाई."

"न्हाई."

"मग आनखी द्या."

तिसरी बशी संपली आणि सुभेदार खाटेवर जरा टेकले. प्रवासाचा शीण, दुपारची वेळ आणि अर्धं जायफळ. बघता बघता घोरायला लागले. सोयरिकीचं बोलायला आलेला माणूस झोपला, आणि बोलणं बायकांवर आलं.

बयाबाईंनी बशी खाली ठेवली. "च्याचं आधन न्हाई टाकलं, वयनी? आमी काय च्यासाठी आलो न्हाई. पर चूल येवढी गार दिसली म्हनून इचारलं."

हंबीरराव आढ्याकडे बघायला लागले.

"आज सातम," लीलाबाई हळूच म्हणाल्या. "शीतळेचं व्रत हाय माजं. लेकीला देवी आलेल्या. वाचली, तवापासनं ह्या दिवशी विस्तव पेटवीत न्हाई."

"कांजण्या म्हनलेले."

"म्हनले असतील. कांजण्या न्हाईत. देवी."

बयाबाईंनी हंबीररावांकडे एकदाच बघितलं, आणि ते उठून पाण्याचा तांब्या भरायला गेले. तो भरलेलाच होता.

"इकडं ये गं." बयाबाईंनी विजयमालाला उजेडात बसवलं, हनुवटी धरून तोंड वळवलं, बाजार करताना वांगं बघावं तसं. "डोळ्याला काय धक्का?"

"न्हाई."

"ह्या डबीवर काय लिव्हलंय? वाच."

विजयमालाने कॉफीच्या डबीवरची सगळी बारीक अक्षरं वाचली, भाव आणि वजनासकट. बयाबाईंना वाचता येत नव्हतं, पण त्या ऐकून घेत होत्या. मग म्हणाल्या,

"आमच्यात सातमीला चूल पेटती. म्हातारा च्याबगार उठत न्हाई. तुजं कसं?"

व्रत लीलाबाईंचं होतं, पण ते पोरीच्या जिवाचं होतं. लेकीने काय बोलावं, हे त्यांनी तिला कधी सांगितलं नव्हतं.

"तुमच्यात तुमच्यासारखं," विजयमाला म्हणाली. "च्या करीन. मी तेवढी गार खाईन."

"आन् आमी न्हाई म्हनलो तर?"

"गार खायला कुनाची परवानगी लागती, मामी?"

बयाबाई हसल्या नाहीत. पण हनुवटीवरचा हात काढून त्यांनी तो पोरीच्या खांद्यावर ठेवला. "त्वांड हाय," म्हणाल्या. "आमच्या घरात लागतंयच."

गाडीची वेळ झाली तसं त्यांनी नवऱ्याला हलवून उठवलं. सुभेदार दचकून म्हणाले, "हां, तर सोयरिकीचं..."

"झालं बोलून. उठा." आणि लीलाबाईंकडे वळून, "वयनी, परातीत उरलंय त्ये डब्यात घाला. पोराला नेती."

"सांगलीपातूर आंबंल."

"आंबू द्या. कुनी केलंय, ते सांगायचंय त्येला. आन् एक. लगीन तुळशीच्या लग्नाम्होरं धरू. पर बैठकीत तुमच्या मालकांला बोलू देऊ नका."

गाडी गेली. फाट्यावरून परतताना हंबीरराव बराच वेळ बायकोच्या चार पावलं पुढे चालले. मग थांबले.

"आगं, पर समजा तिनं उद्या इचारलं असतं. सातम सरल्यावर. तवाबी देवीच म्हनली असतीस?"

लीलाबाईंनी पदर सारखा केला.

"उद्याचं मला काय ठावं," त्या म्हणाल्या. "चला, पाय उचला."