बांगड्यांची फट

डोंगरमाथ्यावरच्या वेधशाळेच्या गवंडीकामाचा मुकादम मनोज. दुर्बिणीचा खांब त्यानं थेट कातळात उभा केला आणि भोवतीची जमीन त्याला टेकू न देता दोन बोटं फट ठेवली. माणसं चालली तरी दुर्बीण हलता कामा नये, असं साहेबांचं बजावणं.

माथ्यावरच्या देवीचं ठाणं त्या खांबाखाली गेलं होतं. त्यामुळे पायथ्याच्या वाडीतून त्याची आई सोनुबाई देवीची ओटी भरायला आली, ती फटीपाशीच बसली. हिरव्या बांगड्या फटीवर आडव्या ठेवून तिनं दोन्हीकडच्या ओल्या सिमेंटात दाबल्या.

"हे काय गं आये?"

"ऱ्हाऊ दे रं. तुमी तिला जागेवरनं उठवलीत. बांगडी फुटली, की समज ती निघाली."

पावसाळा सरता सरता बांगड्या फुटल्या. वाडीच्या बाजूला फटीत आता अख्खी मूठ जात होती. दुसऱ्या दिवशी साहेब कर्जतहून पाहणीला येणार होते. ते आपल्या कामाला नावं ठेवतील, एवढीच मनोजला धास्ती. त्यानं काचा फटीत लोटल्या आणि वरून पातळ सिमेंट ओतायला घेतलं. सकाळपासून घमेल्यामागून घमेलं रिचवलं, तरी फट काही भरेना.

"च्यायला, पितेय की काय ही!" तो करवादला.

दुपारी सोनुबाईचा फोन आला.

"मनोज, घरामागच्या झऱ्याला राखाडी पाणी येतंय रं," ती म्हणाली. "आन् त्यात हिरव्या काचा हायत."