टेस्टर मेला नाही

मी टेस्टर बोलतोय. वायरमनच्या खिशाला अडकवलेला, बोर्डात खुपसला की लुकलुकणारा तो टेस्टर नव्हे. मी मासा आहे. बोटभर लांब, निळाशार, शेपटीकडे पिवळा आणि स्वभावाने वाईट. यातलं शेवटचं लोक म्हणतात. मला ते मान्य आहे आणि बदलायचा विचार नाही.

माझा जन्म समुद्रातला. एका खडकाच्या कपारीत माझ्या बापाने अंडी राखली. जवळून दहापट मोठा मासा गेला तरी तो त्याच्या अंगावर धावून जात असणार, कारण मी तेच करतो आणि मला कोणी शिकवलेलं नाही. मोठा झालो, स्वतःची कपार धरली आणि एके दिवशी जाळ्यात सापडलो. मग पिशवी, अंधार, खोकं, पुन्हा पिशवी. शेवटी एका दुकानातल्या काचेत येऊन पडलो. तिथे आमच्या जातीचे पुष्कळजण होते आणि प्रत्येकाला ती काच स्वतःच्या बापाची वाटत होती. दिवसभर मारामाऱ्या चालत.

शिवणारी दुकानात आली तेव्हा मी नुकताच एकाला कोपऱ्यात दाबून आलो होतो. मी तिला मालकीण म्हणत नाही. तिने मला विकत घेतलं असेल, मी काही स्वतःला विकलं नव्हतं. ती लोकांचे कपडे शिवते, उसवते, पँटी आखूड करते, चेन बदलून देते, म्हणून ती शिवणारी.

"टँक भरलाय," ती दुकानदाराला म्हणाली. "खाऱ्या पाण्याचा. छोटाच आहे. आता त्यात मासे कुठले टाकू?"

"भरला कधी?"

"काल."

दुकानदार हसला. "कालच्या पाण्यात चांगला मासा नका टाकू. पाणी मुरायला महिना-दीड महिना जातो. घाईच असेल तर आधी टेस्टर टाका." त्याने काचेवर नख वाजवून मला दाखवलं. "हा दणकट असतो. जगला तर समजायचं पाणी तयार झालं. मेला तर मनाला लावून घेऊ नका, दुसरा देतो."

मी ते ऐकलं. मासे ऐकत नाहीत असं तुम्हाला वाटत असेल तर वाटू द्या. माझं मरण त्या माणसाने इतकं सहज गृहीत धरलं होतं की मला राग यायलाही जरा उशीर लागला. मग मात्र आला, आणि तो अजून गेलेला नाही. पिशवीत बसल्या बसल्याच मी ठरवलं की या लोकांना मरून दाखवायचं नाही.

तिचं घर दोन खोल्यांचं. पुढच्या खोलीत शिलाई मशीन, कापायचं टेबल, दोरीवर हँगरला टांगलेले लोकांचे कपडे आणि कोपऱ्यात लोखंडी स्टँडवर टँक. मागे स्वयंपाकघर. मधलं दार कायम उघडं, त्यामुळे शेगडीपर्यंतचं सगळं मला दिसतं.

टँक तिने मनापासून लावला होता, एवढं म्हणावं लागेल. रेती आणि दगड धुऊन धुऊन तिच्या बोटांना सुरकुत्या पडल्या होत्या. दुकानातून आणलेलं खास मीठ तिने बादलीत कापड मोजायच्या लाकडी पट्टीने ढवळलं. त्या पट्टीवरचे आकडे खाऱ्या पाण्याने फिके झाले आणि पुढे बऱ्याच पँटी तिच्या नकळत चुकीच्या मापाने आखूड झाल्या. तिचा नवरा वायरमन. त्याने हीटर आणि पंपासाठी वेगळा बोर्ड बसवला आणि वायरींना खाली झोल दिला, म्हणजे पाणी ओघळलं तरी बोर्डात न शिरता जमिनीवर पडेल. सगळं नीट होतं. चुकलं ते एकच. तिला धीर धरवला नाही.

त्याचं कारण नणंदबाई. टँक घेतल्याचं कळलं तेव्हा त्या म्हणाल्या होत्या, "अगं, तुला कुंडीतला पुदिना टिकवता आला नाही. तू समुद्र कुठला टिकवणार?" त्या रविवारी येणार होत्या. त्यांना नुसतं पाणी दाखवायचं शिवणारीच्या जिवावर आलं, म्हणून त्या पाण्यात मी पडलो.

नवं पाणी दिसायला स्वच्छ असतं. पण तुम्ही जे टाकता ते खाऊन संपवणारे बारीक जीव, जे डोळ्यांना दिसत नाहीत, ते त्यात अजून रुजलेले नसतात. त्यामुळे माझी घाण माझ्याच भोवती साचत गेली. कल्ल्यांची आग आग व्हायला लागली. मी पंपाच्या तोंडाशी जाऊन थांबायचो, तिथे जरा बरं वाटायचं. शिवणारी काचेला नाक लावून बघायची. "अगं बाई, किती धापा टाकतोय हा," म्हणायची आणि कीव येऊन आणखी चिमूटभर खाणं टाकायची. ते खाणं खाली कुजायचं आणि आग वाढायची. तिच्या मायेने मी जवळजवळ मेलो होतो.

रविवारी नणंदबाई आल्या. पर्स न ठेवताच टँकपाशी वाकल्या. "हा तर कोपऱ्यात पडलाय. आजचा दिवस काढेल का?" त्यावर मी कोपऱ्यातून निघालो आणि त्यांच्या नाकासमोर काचेवर धडक दिली. डोळ्यांपुढे अंधारी आली, पण त्या दचकून मागे सरकल्या.

वायरमनचं वेगळंच. रोज संध्याकाळी चपला काढता काढता तो विचारायचा, "काय गं, टेस्टर लागतोय की गेला?" खिशातल्या टेस्टरबद्दल विचारावं तसं. त्याच्या मनात काही वाईट नव्हतं. पण एका जिवंत प्राण्याबद्दल रोज असं विचारून बघा, म्हणजे त्या प्राण्याला काय वाटतं ते कळेल. मी रोज त्याला पुढे येऊन तोंड दाखवायचो.

शेवटी शिवणारीने दुकानदाराला फोन केला. खाणं कमी करा, थोडं थोडं पाणी बदला, असं त्याने सांगितलं. तिने बादल्या उचलल्या. रेतीवर तपकिरी साय धरली, ती गेली, मग काचेवर हिरवट थर आला. दगडांवर ते बारीक जीव धरायला लागले आणि कल्ल्यांची आग हळूहळू थांबली. पाणी मुरलं होतं. सगळ्यांच्या नाकावर टिच्चून मी जगलो होतो. मोठ्या दगडाखालची कपार मी त्याच दिवशी ताब्यात घेतली.

इथे गोष्ट संपायला हवी होती. पण शिवणारीने आणखी एक चूक केली, आणि ती तिने अतिशय काळजीपूर्वक केली.

टँकमधलं पाणी उडतं. रोज थोडं कमी होतं. तिने साधा विचार केला की समुद्राचं पाणी कमी झालं तर समुद्राचंच घालायला हवं. म्हणून ती रोज सकाळी मीठ मोजून, पट्टीने ढवळून, खारं पाणी तयार करून ओतायची. एक दिवस चुकवला नाही. काचेच्या कडेवर पांढरे खवले धरले, ते ती ओल्या फडक्याने पुसायची. काच साफ करायला आणलेल्या गोगलगायी शंखाबाहेर येईनाशा झाल्या आणि मग मेल्या. माझी कातडी ओढल्यासारखी व्हायची. मी खाणं सोडलं नाही, कारण खाणं सोडलं की ही माणसं लगेच मान हलवायला लागतात.

गोगलगायी गेल्या त्या दिवशी ती मशीनवर डोकं टेकून बसली. "माझ्या हातात काही टिकतच नाही," ती नवऱ्याला म्हणाली. "ताई बोलतात ते काय खोटं आहे?"

"टेस्टर टिकलाय की," वायरमन म्हणाला.

"तो माझ्यामुळे नाही टिकला. तो त्याच्या हट्टाने टिकलाय."

त्या घरात माझ्याबद्दल बोललं गेलेलं ते पहिलं खरं वाक्य.

नंतर एकदा एक गिऱ्हाईक पँटीच्या लांबीवरून हुज्जत घालत दारात उभं राहिलं. चूक पट्टीची होती, पण ते तिला ठाऊक नव्हतं. तेवढ्यात शेगडीवरचं कालवण आटलं. ती पळत आत गेली, चमच्याने चव घेतली, तोंड वाकडं केलं आणि हाताशी होतं ते साधं पाणी पातेल्यात ओतलं. ओतता ओतता थांबली.

"अहो, इकडे या जरा."

"काय झालं?"

"हे आटलं तेव्हा पाणी गेलं. मीठ नाही गेलं."

"बरं, मग?"

"मग मी टँकमध्ये रोज मीठ कशाला घालतेय?"

वायरमनने डोकं खाजवलं. तिने क्षार मोजायची काट्याची डबी काढली. सुरुवातीला एकदा वापरून ती खणात ठेवून दिली होती. डबी टँकमध्ये बुडवली तर काटा रंगीत पट्ट्याच्या पार वर गेला. तिने साध्या पाण्याची बादली उचललीच होती, पण नवऱ्याने हात धरला. "एकदम नको. व्होल्टेज एकदम वर-खाली झालं की मोटार जळते. याचंही तसंच असेल." म्हणून ती चहाच्या कपाने थोडं खारं पाणी काढायची आणि थोडं साधं घालायची, काटा जागेवर येईपर्यंत. मग तिने पाण्याच्या पातळीपाशी बाहेरून कापडावर मारायच्या खडूने रेघ ओढली. आता रोज पाणी रेघेपर्यंत भरायचं, तेही साधं. माझी कातडी सैल झाली. मी रेतीत खड्डा खणून आनंद साजरा केला आणि तिने मुद्दाम सारखी केलेली रेती विस्कटून टाकली.

टँक लागला, छान दिसायला लागला, तशा नणंदबाई विरघळल्या. एका संध्याकाळी दोन पिशव्या घेऊन आल्या. आत नारिंगी अंगावर पांढरे पट्टे असलेली जोडी. "आता टँकला शोभा येईल," त्या म्हणाल्या. शोभा आली आणि माझ्या कपारीसमोर घिरट्या घालायला लागली. मी दोघांना हाकललं. पुन्हा आले, पुन्हा हाकललं. एकाचं पर फाटलं. दोघं हीटरच्या मागे जाऊन चिकटून राहिले. मला त्याचं वाईट वाटलं नाही. ज्या पाण्यात ते डौलात फिरायला आले होते, ते पाणी मुरेपर्यंत मी सोसलं होतं.

"या टेस्टरचं काम झालंय," नणंदबाई म्हणाल्या. "परत देऊन टाका त्याला."

शिवणारीने स्पीकरवर फोन लावला. दुकानदार खुशीत होता. "आणा की. एका गिऱ्हाईकाने कालच टँक भरलाय, त्याला टेस्टर हवाच आहे."

कालच भरलाय. म्हणजे पुन्हा ते स्वच्छ दिसणारं पाणी, पुन्हा ती आग, आणि काचेपलीकडे पुन्हा कोणीतरी माझ्या मरणाची वाट बघत उभं. एकदा निभावलं म्हणून दुसऱ्यांदा निभावेन असं नाही. मला पहिल्यांदा खरी भीती वाटली, आणि भीती वाटली की मी जास्तच चिडतो.

जाळी पाण्यात आली तसा मी कपारीत शिरलो. या बाजूने आली की त्या बाजूने निघायचो. वायरमनने पंप बंद केला, नणंदबाई वरून सूचना देत होत्या, शिवणारीच्या बाह्या खांद्यापर्यंत भिजल्या. शेवटी तिने जाळी टाकून हात घातला. मी सरळ तिच्या बोटाला चावलो. रक्त वगैरे आलं नाही, माझं तोंड ते केवढं. पण तिने हात पाण्यातच थांबवला.

"दगड बाहेर काढ सगळे," नणंदबाई म्हणाल्या. "मग जातो कुठे?"

"दगड काढले तर त्यांच्यावर धरलेलं सगळं मरेल, ताई."

"मग काय या भांडकुदळासाठी माझी जोडी हीटरमागे ठेवणार?"

शिवणारीने हात बाहेर काढला. टॉवेल घेतला नाही. कोपरावरून पाणी ठिबकत होतं. "आपण सगळ्यांनी हा मरायची वाट बघितली," ती म्हणाली. "तुम्ही, हे, मीसुद्धा. मी तर त्याला त्यासाठीच आणलं होतं. तरी तो राहिला. आता त्याला तसल्याच पाण्यात परत नाही टाकायची मी. जोडी परत जाईल."

"मी आणलेली जोडी?"

"हो ताई. राग आला तरी चालेल."

आला. नणंदबाई चहा न घेता गेल्या आणि बरेच रविवार फिरकल्या नाहीत. आता येतात, पण टँककडे पाठ करून बसतात. जोडी दुकानात गेली. तिथे दुकानदार काय म्हणाला ते शिवणारीने घरी येऊन हसत हसत सांगितलं. "लोक टेस्टर परत करतात, म्हणाला. शोभेचे मासे परत करणारं गिऱ्हाईक पहिल्यांदाच बघतोय. मी म्हटलं, ज्याने काल टँक भरलाय ना, त्याला सांगा थांबायला."

आता माझा रंग जरा उतरलाय. कपडे घ्यायला आलेली माणसं वाकून बघतात आणि म्हणतात, "एवढ्या पाण्यात एकच?" शिवणारी सुईत दोरा ओवता ओवता "एकच" म्हणते आणि विषय तिथे संपतो.

तुम्ही घरी असा टँक लावणार असाल तर जरूर लावा. रेती धुवा, मीठ मोजा, वायरींना झोल द्या, उडालेल्या पाण्याच्या जागी साधं पाणी घाला. पण पाणी मुरलं की नाही हे बघायला माझ्या भाऊबंदांना आत टाकू नका. महिना-दीड महिना नुसत्या पाण्याकडे आणि दगडांकडे बघत बसा. कोणी हसलं तर हसू द्या. तेवढाही धीर नसेल तर भिंतीवर समुद्राचं चित्र लावा, त्यात कोणी मरत नाही. ही विनंती समजा. मला विनवण्या येत नाहीत, त्यामुळे जरा दमदाटीसारखी वाटेल.

आत्ता शिवणारीने बाह्या वर केल्या आहेत. काच घासायचा दिवस आहे. हात पाण्यात येईल आणि मी नेहमीसारखा त्याच्या अंगावर धावून जाईन. ती म्हणेल, "हो रे बाबा, तुझंच आहे सगळं," आणि घासत राहील. माझंच आहे. आता मला जाऊ द्या, हात आलाच.