रेकॉर्डची दुसरी बाजू

दिघ्यांनी कानांवरचे हेडफोन काढले आणि टेप थांबवली. "परत पाय आले," ते म्हणाले.

अकोल्यातल्या एका कापूस जिनिंगच्या गोदामात हे चाललं होतं. हंगाम संपल्यामुळे यंत्रं बंद होती. रुईच्या गाठी भिंतींना लागून छतापर्यंत रचलेल्या होत्या. आवाज भिंतीवर आपटून घुमू नये म्हणून दिघ्यांनी मुद्दाम ही जागा निवडली होती. ते मुंबईच्या एका रेकॉर्ड कंपनीचे ध्वनिमुद्रक. १९६७च्या त्या उन्हाळ्यात ते वऱ्हाडभर फिरून गाणी-वाजवणी टेपवर घेत होते. आज 'चौरस्ता' या तीन मित्रांच्या बँडची पाळी होती. त्यांची ही पहिलीच रेकॉर्ड. एक बाजू सकाळी झाली होती. दुसरी काही केल्या होत नव्हती.

देवमन पोस्टात नोकरीला होता. भुसावळला बदली असताना रेल्वेतल्या एका गोवेकर वादकाकडून तो सॅक्सोफोन शिकला होता, आणि सुरांना हवं तसं लांबवत, वळवत न्यायची जाझची रीतही. भगवंताची विजेवरची गिटार जुन्या रेडिओतून वाजे. तिसरा खुशाल, भातकुलीच्या शेतकऱ्याचा मुलगा. त्याच्या गळ्यात ड्रम असे.

तिघांची तालीम खोलीत कधी झालीच नव्हती. जयंतीच्या मिरवणुकीत, लग्नाच्या वरातीत, चालता चालता त्यांची चाल तयार झाली होती. त्यामुळे खुशालचा ताल आधी पायांत येई, मग हातांत. दोन पावलांच्या मधे तो एक ठोका मुद्दाम मागे ठेवी. आता पडेल, आता पडेल असं वाटावं, आणि तो जरा उशिरा पडावा. देवमनचा सॅक्सोफोन नेमका त्या जागेतून आत शिरे.

पण इथे फरशी होती. खुशालने बूट काढले, तरी अनवाणी पावलांची धपधप टेपवर येई. जागीच उभं राहून वाजवलं, तर ताल लंगडा पडे.

"आता एका वेळेपुरतीच टेप उरली आहे," दिघे म्हणाले. "संध्याकाळची नागपूरची गाडी चुकवता येणार नाही. देवमनराव, ड्रम पुंजाजींना द्या."

पुंजाजी दाराशी बसला होता. अमरावतीला राजापेठेतल्या ऑर्केस्ट्रात तो ड्रम वाजवायचा. काल दिघ्यांनी त्या ऑर्केस्ट्राचं वादन टेपवर घेतलं होतं. आज पुंजाजी मुंबईला निघाला होता, म्हणून दिघ्यांबरोबर अकोल्यापर्यंत आला होता.

"देऊन टाक, देवमन," भगवंत म्हणाला. "रेकॉर्ड तं निघन."

"मी इथंच हाओ ना, भगवंता," खुशाल म्हणाला. "मेलो नाई अजून."

"मंग उभा राह्य ना खांबावानी! तुले नाचाले कोणं सांगतलं?"

"नाचून नाई राहिलो. चालून राहिलो."

"अबे, पन चालून जाचं कुठं हाय तुले?"

खुशाल हसला नाही. त्याने गळ्यातला पट्टा काढला आणि ड्रम पुंजाजीपुढे ठेवला. "घ्या, भाऊ. माह्यासाठी याईची रेकॉर्ड नको अडकाले."

भगवंत आणि खुशाल देवमनकडे पाहत राहिले. देवमनच्या तोंडून 'नको' निघालं नाही. आपण वाजवलेलं रस्त्यावरच विरून जातं, हे त्याला फार दिवसांपासून खुपत होतं. एकदा तरी काहीतरी उरावं, एवढंच त्याला हवं होतं. ते आता हाताशी आलं होतं.

"टेप लावू नका, साहेब," तो खाली पाहत म्हणाला. "एकदा असंच वाजवून पाहतो."

पुंजाजीने वाजवलं. एकही ठोका इकडचा तिकडे झाला नाही. भगवंत खूश झाला. देवमनने दोनदा सॅक्सोफोन ओठांना लावला आणि दोनदा काढला. सगळं अगदी बरोबर होतं, पण त्याला आत शिरायला जागाच नव्हती.

त्याने वळून पाहिलं. खुशाल बाहेर निघाला होता. दाराजवळ एक गाठ फुटून रुई पसरली होती. तिच्यातून तो गेला, आणि त्याच्या पावलांचा आवाज आला नाही.

"खुशाल! थांब! मांगं ये! पुन्हा चाल तिच्यातून!"

"काहून?"

"चाल म्हनतो ना!"

खुशाल चालला. दिघ्यांनी हेडफोन लावून मायक्रोफोन जवळ नेला. मग सावकाश मान हलवली. "पण हिचे तंतू उडतील," ते म्हणाले. "कोणी खोकलं, तर संपलं."

सगळ्यांनी मिळून रुई आत आणली. पोटऱ्या बुडतील इतकी पसरली. पुंजाजीने स्वतःच ड्रम उचलून खुशालच्या गळ्यात घातला. भगवंताने नाकातोंडाला रुमाल बांधला. देवमनला तशी सोय नव्हती.

टेप फिरू लागली.

खुशाल जागच्या जागी चालत होता. मागे राहणारा ठोका बरोबर मागे राहिला, आणि सॅक्सोफोन आत शिरला. पण खुशालच्या प्रत्येक पावलाबरोबर रुई थोडी थोडी वर येत होती. छपराच्या झरोक्यातून आलेल्या उन्हात तंतू तरंगताना दिसत होते. देवमन छाती भरून श्वास घेई, तेव्हा तेही आत जात.

चाल अर्ध्यावर आली आणि त्याच्या घशात खवखवू लागलं. त्याने आवंढा गिळला. सूर आखूड केले. डोळ्यांत पाणी आलं. शेवटचा लांब सूर त्याचाच होता. त्या सुरासाठी श्वास घेतला असता, तर खोकला आलाच असता.

त्याने सॅक्सोफोन खाली घेतला, तोंड कोपरात दाबलं आणि खुशालकडे पाहिलं.

खुशालने मान हलवली नाही. पाय थांबवले नाहीत. सॅक्सोफोनची जागा रिकामी आली, ती त्याने तशीच रिकामी ठेवली. भोवती फक्त हलके ठोके पेरत राहिला. भगवंताची बोटं क्षणभर थबकली, मग तीही त्याच्या मागोमाग गेली. देवमनचं अंग खोकल्याने आतल्या आत हादरत होतं. पुंजाजीने मागून त्याचे खांदे धरले. शेवटचा ठोका खुशालने रोखून धरला. इतका वेळ, की दिघ्यांनी हेडफोनवर हात दाबला. मग तो पडला.

गिटारचा नाद पुरता विरेपर्यंत दिघ्यांनी 'थांबा' म्हणून दुसरा हात वर धरला. तो खाली आला, आणि देवमन गुडघ्यांवर बसून खोकत सुटला.

"शेवटी सॅक्सोफोन नाही," दिघे म्हणाले. "नागपूरला टेप मिळाली, तर परतताना उतरतो. तेवढा शेवट जोडून घेऊ."

देवमनने डोळे पुसले. "नाई, साहेब. इथं असंच पाहिजे."

"अबे खुशाल, थांब आता," भगवंत रुमाल सोडत म्हणाला. "पोचली वरात!"

खुशाल थांबला नाही. दिघ्यांनी टेप डब्यात घालून झाकण लावेपर्यंत तो रुईत चालतच होता.